चकती काढून मोज

"मग सही अडलीय कशावर, बाई?"

यदुनाथनं प्रबंध टेबलावर ठेवला होता, पण त्यावरचा हात काही काढला नव्हता. पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद व्हायची. आज प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि तीन वर्षं पाण्यात!

त्याच्या मार्गदर्शक वेणूबाई सोमण आलेख बघत राहिल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी त्या आज प्रयोगशाळेत आल्या होत्या.

तसं काम सरळ होतं. बिस्मथच्या चकतीवर न्यूट्रॉन सोडायचे. न्यूट्रॉन अणूच्या गाभ्याला धक्का देतो, थोडी ऊर्जा तिथेच टाकतो आणि पुढे जातो. गाभा ती ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपानं बाहेर टाकतो, ते किरण शेजारचा शोधक मोजतो. यदुनाथच्या आलेखात एक शिखर असं आलं होतं, जे बिस्मथच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. गावभर पेढे वाटून झाले होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"शिखराची उजवी बाजू फार सरळ उभी आहे रे."

"पार्श्वभूमी वजा केलीय, आजूबाजूचे भटके किरण."

"हो?"

"…हो."

बाईंनी चष्मा काढला. "आणखी एकदा मोज."

"अकरा वेळा मोजलंय, बाई! अकरा!"

"चकती आण."

त्यानं आतून चकती आणली, जरा आपटूनच ठेवली. बाईंनी ती उचलली, पदराच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट केली.

"आता मोज."

"चकतीशिवाय? रिकाम्या जागेत काय मोजायचं?"

"आजवर मोजलंस कधी, रिकामं?"

"यंत्र मिळायचं आठवड्याला सहा तास. ते रिकाम्यावर घालवायचे?"

"दोन वाजलेत. तासाभराचं काम. मोज."

यदुनाथचा नुसता तिळपापड झाला. म्हातारीला आपला शोध बघवत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं जाड दार लावलं, यंत्र सुरू केलं आणि पडद्यासमोर हाताची घडी घालून बसला.

बिस्मथची ओळखीची शिखरं आली नाहीत. येणारच नव्हती.

दहा मिनिटं… वीस…

मग ठिपके एका जागी जमू लागले. यदुनाथची घडी सुटली. तो पुढे वाकला, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

त्याचं शिखर. थोडं ठेंगणं, पण तेच, त्याच जागी. आणि उजवीकडे लांब ओघळलेलं, उतारासारखं.

"यदुनाथ, पार्श्वभूमी वजा केली होतीस ना?"

त्यानं यंत्र बंद केलं.

"नाही, बाई. तो उतार मी कापला होता. वाईट दिसत होता… वाटलं, यंत्राची काही गडबड असेल."

बाईंनी काठीचं टोक पडद्यावरच्या उतारावर ठेवलं. "न्यूट्रॉन चकतीवरच थांबतात?"

"नाही. शोधकावरही…" त्यानं जाड दाराकडे पाहिलं. "शोधकातल्या जर्मेनियमलाच धक्का बसतोय, शिखर त्याच्याच किरणांचं. गाभा हलतो, त्या हलण्याची ऊर्जाही मोजली जाते, म्हणून हा उतार. हे तर पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणजे तीन वर्षं मी शोधकाचाच आवाज…"

घड्याळात तीन वाजले होते. त्यानं प्रबंध टेबलावरून उचलला आणि पिशवीत घातला. आईला काय सांगायचं, हेच त्याला सुचेना.

"सगळं संपलं, बाई. बिस्मथमध्ये काहीच नव्हतं."

वेणूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि चकती त्याच्या तळहातावर ठेवली.

"बिस्मथला अजून विचारलंयस कुठे?"