आवडीचा बाप

किती पिढ्या लोटल्या कोण जाणे, पण डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक रंगारी राहत होता. त्याचं आणि बायकोचं पटेना. रोजच्या भांडणांना दोघंही विटली आणि शेवटी काडीमोड झाली. दोन वर्षांच्या आवडीला कडेवर घेऊन बायको डोंगरापलीकडे माहेरी निघाली.

तेव्हा पंच रंगाऱ्याला म्हणाले, "बायको आता तुझी राहिली नाही. पण पोर तुझीच आहे. दर सुगीला तिच्यापुरतं धान्य आणि कपडे पोचते करायचे."

"करीन की," रंगारी म्हणाला.

एका सुगीला त्याने धान्य धाडलं. पुढच्या सुगीला त्याच्या मनात आलं, माझं धान्य खाऊन ती बाई तिकडे सुखात राहणार! त्याने गाडी जुंपलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "त्या घराशी माझा संबंध संपला."

अशी नऊ वर्षं गेली.

एकदा रंगाच्या भट्टीसाठी सरपण घ्यायला तो आठवड्याच्या बाजारात गेला. तिथे एक मुलगी डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. पाय अनवाणी, परकराला ठिगळं.

"मोळी फारच लहान आहे गं," तो म्हणाला.

"यापेक्षा मोठी मला उचलवत नाही, काका."

"मग घरचं मोठं माणूस का येत नाही?"

"आई अंथरुणाला खिळलीय."

"आणि बाप?"

"आहे म्हणतात, इकडेच कुठल्याशा गावात. कपडे रंगवतो. पण त्याचं आईशी भांडण झालं."

रंगाऱ्याने घाईने विचारलं, "नाव काय तुझं?"

"आवडी." मग तिनेच विचारलं, "काका, माझ्याशी कुठे झालं होतं त्याचं भांडण? मला तर तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं."

त्याने तिच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. 'मी तुझा बाप' हे शब्द मात्र तोंडातून फुटेनात.

दुसऱ्या दिवशी धान्य, कपडे आणि सोबत वैद्य घेऊन तो डोंगर ओलांडून गेला. आवडीची आई पडल्या पडल्या एवढंच म्हणाली, "आवडे, हा तुझा बाप." आवडी रडली नाही, रागावलीही नाही. पाहुण्याला द्यावं तसं तिने त्याला पाणी दिलं.

पुढे त्याने एकही सुगी चुकवली नाही. आई बरी झाली, घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली. पण लेकीने बापाच्या खांद्यावर बसायचे दिवस केव्हाच सरले होते. त्याला 'बाबा' म्हणताना आवडी दर वेळी क्षणभर अडखळायची, आणि ते अडखळणं त्याला जन्मभर ऐकावं लागलं.

लहानथोरांनो, काडीमोड नवरा-बायकोची होते, बाप-लेकराची होत नाही.