मुक्या खांबांची टोपी

एका राज्यात पाखरं माणसांसारखी बोलत होती आणि लोकांना त्याची सवय झाली होती. ती रानातली नव्हती, पिंजऱ्यातून सुटलेली नव्हती. ती राजाच्या डोक्यातून उडालेली होती.

त्याचं असं झालं. राजा धवलसेन डोंगरात वाट चुकला आणि उन्हाने दमून एका गुहेत शिरला. गुहेत दगडावर एक मुकुट होता. सोन्याचा, पाचूंनी मढवलेला, धूळ बसलेला. आसपास कोणी नव्हतं. राजाने मुकुट उचलला, उपरण्याने पुसला आणि डोक्यावर चढवला. तेव्हा अंधारातून आवाज आला.

"कोणाचा आहे, विचारलंस?"

"नाही," राजा म्हणाला.

"माझा आहे. मी धूम्रा जादूगारीण. न विचारता जो हा मुकुट घालतो, त्याच्या डोक्याचं छप्पर उडतं. तुझ्या मनात आहे ते एकेक करून पाखरू होईल आणि उडून जाईल. शेवटचं पाखरू गेलं की तुझा दगड होईल."

राजा भला माणूस होता. त्याने मुकुट होता तिथे ठेवला, हात जोडले, चूक कबूल केली. पण चढायचा तो शाप चढला होता.

"याला काही उःशाप?" त्याने विचारलं.

"आहे. मुक्या खांबांचं छप्पर डोक्यावर घे. पण ते माणसाचं असावं, राजाचं नसावं."

एवढं बोलून आवाज थांबला. राजा घरी आला. घोड्यावरून उतरताना त्याच्या डोक्यातून एक चिमणी उडाली, आणि राजा आपल्या घोड्याचं नाव विसरला.

मग रोज पाखरं उडू लागली. राजाच्या मनात ज्याचे बोल राहिले होते, त्याच्याच आवाजात ती बोलायची. वेशीवर एक पारवा बसून सांगे, की महाराजांना लहानपणी उंदरांची भीती वाटत असे. बाजारात एक तुरेवाला हुप्पू पक्षी फिरे आणि सांगे, की प्रधानजी कविता वाचतात तेव्हा महाराज मनातल्या मनात बागेतले पेरू मोजतात. लोक तोंडाला पदर लावून हसत. पण एका संध्याकाळी एक टिटवी गडाच्या चोरदरवाजाची वाट मोठमोठ्याने सांगत सरहद्दीकडे उडाली, आणि मग कोणी हसलं नाही.

प्रधान विश्वंभर शहाणा होता. पेरूंचं ऐकूनही तो रुसला नाही. तो म्हणाला, "काही देवळांत खांबावर बोट वाजवलं की सूर निघतो. ते बोलके खांब. आपल्याला हवेत मुके. असा दगड आणू, की घण मारला तरी हूं म्हणणार नाही."

असा दगड आणला गेला. काळ्या खांबांचा मंडप उभा राहिला. त्यात साद घातली तर पडसादही येईना. राजाला मंडपात बसवलं. त्याच दिवशी त्याच्या डोक्यातून पाखरांचा थवाच्या थवा निघाला आणि खांबांमधून वाट काढत उडून गेला.

राजाची राणी केतकी खिडकीत उभी राहून ते पाहत होती. सकाळी राजाने तिला विचारलं होतं, "आपण कोणाकडे आला आहात?" तिने सांगितलं होतं, "इथेच, महाराज." त्यावर तो "बरं, बसा," म्हणाला होता. आता त्याला एवढंच उरलं होतं, की ती उठली की तो उठे, आणि ती बसली की बसे. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्या थव्यातली एक साळुंकी वळली आणि राणीच्या खिडकीत येऊन बसली. तिने मान वाकडी केली. आधी ती एका तरुणाच्या आवाजात बोलली, मग एका मुलीच्या.

"काय मोजता आहात?"

"मुके."

"असं? आणि किती झाले?"

"अहो, मुके खांब. विणकामातला टाका आहे तो."

"मुके आहेत, तर बोलकेही असतील."

"आहे की. एक केव्हाचा समोर उभा आहे."

साळुंकीने पंख झाडले आणि तेच पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. राणी खाली बसली. तिचं माहेर, ओसरी, हातातली आकडीची सुई, मांडीवर वडिलांसाठी विणायला घेतलेली टोपी आणि दारात उभा असलेला पोरसवदा राजपुत्र, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. राणी झाल्यापासून तिने सुई हातात धरली नव्हती. टाक्याचं नावही ती विसरली होती. राजाने मात्र ते आजपर्यंत जपून ठेवलं होतं.

आता मुका खांब म्हणजे काय, तर आकडीच्या विणकामात उंच खांब असतात, त्यांची जाळी होते, जाळीतून वारा जातो. मुका खांब ठेंगणा. शेजाऱ्याला अगदी खेटून बसणारा. त्यातून वारा जात नाही, आणि पाखरू तर नाहीच नाही.

राणी एकटीच डोंगर चढून गेली. गुहेच्या तोंडाशी धूम्रा बसली होती. ती बाभळीच्या खोडाइतकी म्हातारी होती आणि मुकुटात वाल सोलत होती.

"टोपी ना?" राणीने विचारलं.

"टोपी," धूम्रा म्हणाली. "लोकांनी मंडप बांधला म्हणे."

"बांधला."

"चांगला झालाय. इथून दिसतो." तिने वालाचं टरफल टाकलं. "तीन गोष्टी लागतील. धुकं चरणाऱ्या मेंढीची लोकर. बोलक्या बोरीचा काटा. तिसरं माप. ते तुझ्याजवळ आहेच. जा, सावकाश जाऊ नकोस."

धुकं चरणारी मेंढी वरच्या पठारावर होती. राणी जवळ गेली की मेंढी धुक्यात विरघळे, आणि धुकं सरलं की दूर दिसे. दोनदा असं झालं. मग राणीच्या ध्यानात आलं, की आपलं पैंजण वाजतं, बांगड्या वाजतात, कमरपट्ट्याची घुंगरं वाजतात. तिने सगळं काढून पदरात बांधलं आणि अनवाणी गेली. मेंढी जागची हलली नाही. राणीने तिची पाठ खाजवली, मान खाजवली, मग हलक्या हाताने लोकर कातरली. लोकर राखाडी होती आणि हाताला गार लागत होती. पायथ्याशी एका धनगरणीने तिला चाती दिली, आणि राणीने तिथेच बसून सूत कातलं. धनगरणीने विचारलं, "कुठल्या गावची गं तू?" राणीने सासरचं गाव सांगितलं. "तिथला राजा बरा आहे का आता?" धनगरणी म्हणाली. "होईल," राणी म्हणाली.

बोलकी बोर ओढ्याकाठी होती. बोरीचा काटा मुळातच वाकडा, टोकाला आकडी असलेला. या बोरीचा काटा वीतभर लांब होता. राणीने हात लावला तसं झाड बोललं.

"कोणासाठी?"

"राजासाठी."

काटा मोडून पडला. राणीने दुसऱ्या काट्याला हात लावला.

"कोणासाठी?"

"माझ्या नवऱ्यासाठी."

दुसराही मोडला. आता झाडावर तेवढा लांब काटा एकच उरला होता. राणीने त्याला हात लावला नाही. ती बोरीखाली बसली आणि विचार करू लागली. मग उठून म्हणाली, "एक माणूस आहे. त्याचं डोकं उघडं पडलंय."

काटा अलगद तिच्या तळहातावर उतरला.

राणी घरी आली. माप तर सगळ्यांत सोपं होतं. राजवाड्याच्या शिंप्याकडे राजाच्या डोक्याचं माप होतं, तेच तिने मागवलं. मग दालनात आलेल्या उन्हात बसून तिने साखळी घातली, साखळीचा गोल जोडला आणि गोलात मुके खांब विणायला घेतले. एकेका टाक्यात दोन दोन खांब घालून गोल वाढवत नेला. समोर राजा बसला होता. त्याच्या डोक्यातून मधूनच एखादं पाखरू निघे आणि छतापाशी घुटमळून जाई. राणीने वर पाहिलं नाही. टोपी झाली. तिने ती राजाच्या डोक्यावर घातली, तशी ती कपाळावरून घसरली, डोळ्यांवरून उतरली आणि नाकावर येऊन थांबली.

टोपीच्या आतून राजा शांतपणे म्हणाला, "अंधार झाला वाटतं."

राणीला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. शिंप्याने घेतलेलं ते माप पगडीवरून घेतलेलं होतं. ते राजाचं माप होतं, माणसाचं नव्हे.

पण आकडीच्या विणकामाचं एक बरं असतं. शेवटचं टोक ओढलं की सगळं उसवतं, आणि उसवलं तरी लोकर वाया जात नाही. राणीने टोक ओढलं. टोपी भरभर लहान होत गेली आणि हातात पुन्हा गुंडा आला.

मग ती राजाजवळ जाऊन बसली. "डोक्याला हात लावू का?" तिने विचारलं.

"आपण कोण?"

"टोपी विणणारी."

"लावा," राजा म्हणाला आणि त्याने मान खाली केली.

राणीने डोळे मिटले. कैक वर्षं हे डोकं थकून तिच्या मांडीवर टेकलं होतं. कपाळापासून मागच्या खळग्यापर्यंत एक वीत आणि चार बोटं. कानाच्या वर उजवीकडे एक लहानसं टेंगूळ. हे सारं तिच्या हाताला पाठ होतं, तिने विचारलंच नव्हतं एवढंच. धूम्रा म्हणाली होती, की माप तुझ्याजवळ आहे.

तिने पुन्हा साखळी घातली. गोल तळहाताएवढा झाला तेव्हा वाढवायचं थांबवलं आणि एका टाक्यात एकच खांब घालत सरळ खाली विणत आली. फूल नाही, वेल नाही, रेशमी गोंडा नाही. दासी म्हणाली, "राणीसाहेब, काठाला निदान जरीची एक ओळ?" राणी म्हणाली, "नको गं. डोकं झाकायचंय."

शेवटची फेरी राहिली. ऊन सरकलं म्हणून राणी उठून खिडकीकडे गेली.

राजा उठला नाही.

राणी वळली. राजाच्या खांद्यावर एक शिंजीर बसला होता, अंगठ्याएवढा, जांभळा, उन्हात चमकणारा. शेवटचं पाखरू डोक्यातून बाहेर आलं होतं, पण अजून उडालं नव्हतं. राजाच्या जोड्यांतून वर येणारे पाय घोट्यापर्यंत करड्या दगडाचे झाले होते.

दासीने दारं लावायला धाव घेतली, पण तिथे झरोके इतके होते की कोणतं लावावं कळेना. घाईत एक टाका सुटला असता तरी भोक पडलं असतं. तिने एक श्वास घेतला आणि हळू आवाजात मोजायला लागली, माहेरच्या ओसरीवर मोजत होती तशी.

"एक मुका. दोन मुके. तीन मुके."

शिंजिराने मान वळवली. तो ऐकत होता. दगड गुडघ्यापर्यंत चढला, पण पाखरू ऐकत राहिलं. राणी मोजत राहिली. शेवटचा खांब झाला, तिने शेवटच्या फासातून धागा ओढून घेतला, दातांनी तोडला, आणि टोपी राजाच्या डोक्यावर ठेवली. टोपी भुवयांच्या वर, कानांना टेकून, जिथे बसायला हवी तिथे बसली.

शिंजीर उडाला. टोपीभोवती एक गिरकी घेऊन तो मधोमध पहिल्या गोलावर उतरला आणि लोकरीत पाणी जिरावं तसा आत जिरला.

राणी मटकन खाली बसली. आणि राजाही, अजून अर्धा दगडाचा, तिच्याबरोबर खाली बसायची धडपड करू लागला. तेव्हा राणीने सुटकेचा जो निश्वास टाकला, त्याने खिडकीतला पडदा हलला असं दासी पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

मग पाखरं आली. वेशीवरून, बाजारातून, रानातून, सरहद्दीवरून. टिटवी चोरदरवाजाची वाट सांगत परत आली. ती इतकी भराभर बोलत गेली होती, की शेजारच्या राज्यात कोणाला एक अक्षर कळलं नव्हतं. तिच्यामागे धावत आलेल्या प्रधानजींनी ते ऐकून पगडी काढून कपाळ पुसलं. पाखरं एकेका मुक्या खांबावर बसली, बोलता बोलता गप्प झाली आणि आत गेली. हुप्पू तेवढा शेवटपर्यंत पेरू, पेरू करत राहिला. प्रधानजींनीच त्याला हळूच उचलून टोपीवर ठेवलं.

"जा बाबा," ते म्हणाले, "तुझं सगळ्यांना पाठ झालंय."

दगड उतरला. राजाने पाय हलवून पाहिले. मग त्याने डोक्याला हात लावला, काठावरून बोट फिरवलं, आणि समोर बसलेल्या राणीकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"केतकी," तो म्हणाला, "किती मुके झाले?"

दासी लगबगीने बाहेर गेली. प्रधानजींना झरोक्यातून ढग पाहावेसे वाटले.

"मोजायचे राहिले मधेच," राणी म्हणाली. "समोरचा बोलका खांब गप्प झाला होता. मोजण्यात लक्ष लागेना."

"आता बोलेल तो," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंगरावर गेली. राजाने धूम्रेपुढे हात जोडले. तिने टोपी उलटून पाहिली, आतली बाजू पाहिली, दोरा कुठे खोचलाय तेही पाहिलं. "गाठ नीट मारलीस," ती राणीला म्हणाली. "गेला शाप." मग तिने त्यांना बसवून वालाची उसळ वाढली. मुकुटाकडे राजाने पाहिलं, पण हात मात्र लावला नाही.

तिथून पुढे राजा दरबारात ती राखाडी टोपी घालूनच बसे. कोणा परदेशी वकिलाने भुवई उंचावली, तर तो म्हणे, "आमच्या राज्याचं छप्पर आहे हे." काळ्या खांबांच्या मंडपात पावसाळ्यात धनगरांच्या मेंढ्या थांबू लागल्या. तिथे प्रधानजी कविता वाचत. मेंढ्या लक्ष देऊन ऐकत, आणि राजाही ऐकायला जाऊन बसे. बागेतले पेरू आता त्याने माळ्याला मोजायला सांगितले होते.

राजाचं डोकं जसं वेळेवर झाकलं गेलं, त्याचं गेलेलं सगळं जसं परत आलं, तसं ज्याचं जे उडून गेलं असेल, ते आपल्या घरट्यात सुखाने परत येवो.