नवा साप, जुनी चव

फार फार जुन्या काळी एका उंबराच्या ढोलीत तकतक्या नावाचा देखणा साप राहायचा. कात टाकली की तो फांदीवर ऐटीत पसरायचा आणि भाबडी पाखरं त्याचं तोंडभरून कौतुक करायची.

एकदा बुलबुलबाईची अंडी नाहीशी झाली. तकतक्याचं फुगलेलं पोट सगळ्यांनी पाहिलं. पण काही दिवसांनी तो कात टाकून झळाळत आला आणि म्हणाला, "अंडी खाणारा तो जुना साप. तो संपला. मी नवा!"

ते रूप पाहून पाखरांना खरंच वाटलं. सापाला मात्र चटक लागली. होल्याची अंडी गेली, सुगरणीची पिल्लं गेली. दर वेळी साप नवा.

चिंगी खारीला राहवेना. नवा साप आतूनही नवा असतो का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिने दुरूनच विचारलं, "तकतक्यादादा, बुलबुलबाईची अंडी कशी लागली हो?"

"लोण्यासारखी!" साप मिटक्या मारत म्हणाला.

बुलबुलबाई हळूच म्हणाली, "नव्याला जुनी चव बरी आठवते."

त्याच दिवशी पाखरांनी पलीकडच्या बाभळीवर, दाट काट्यांत घरटी बांधायला घेतली.