वारुळातल्या बुजलेल्या वाटा

माणसांनी शहरं वसवायच्याही आधीची गोष्ट. उघड्या माळावर वाळवीचं भलंमोठं वारूळ होतं. तिथे उकाडा इतका वाढला, की अंडी सुकू लागली. कारभाऱ्याने शेजारच्या वारुळातल्या म्हाताऱ्या धोंडाई गवंडिणीला बोलावलं.

"आजी, तुमच्या वारुळाचा आराखडा द्या. हुबेहूब तसंच बांधतो."

"आमचं सावलीत, तुमचं उन्हात. उसना आराखडा कसा चालेल?" असं म्हणत धोंडाई गल्लीगल्लीतून फिरली. कोठार वाढवायला ज्याने त्याने आपल्या दारची हवेची वाट लिंपून टाकली होती.

"आधी या वाटा मोकळ्या करा," ती म्हणाली.

कारभारी चाचरला. "माझी एक वाट उघडून असा काय गारवा येणार?"

"लिंपतानाही असंच म्हणाला असशील ना बाबा, एका वाटेनं असा काय उकाडा होणार?"

कारभाऱ्याने आपल्या दारच्या वाटेवरचं लिंपण फोडलं.