कुंभारवाड्यातलं गुपित

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाचा राजा कोण होता, हे आता कुणालाच आठवत नाही.

त्या राज्यात, रानाच्या कडेला एक कुंभारवाडा होता. तिथे राही नावाची म्हातारी कुंभारीण राहायची. सगळे तिला राहीआजी म्हणत. चाक फिरवून फिरवून तिचे हात थकले होते, आणि हातांहून जास्त ती स्वतः थकली होती.

मडकी घडवणं तिला जड नव्हतं. जड होतं ते लाकूड. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, आणि आव्याला लाकूड लागतं. रानातून ते तोडून आणायची मुभा एकाच लाकूडवाल्याला होती. मोबदल्यात भाजलेल्या दहा मडक्यांतली सहा तो उचलायचा.

"आजी, तुला म्हणून सहा हो," परसदारी येऊन तो हळूच म्हणायचा. "बाकीच्यांकडून सात घेतो. कुणाला बोलू नकोस."

ती कशाला बोलतेय! कुंभारवाड्याची रीतच होती, की आवा कधी पेटणार, लाकूड किती आणलं, हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. नजर लागते, मडकी तडकतात. म्हणून जो तो दार लावून लाकूड घ्यायचा. शेजाऱ्यापेक्षा आपल्याला स्वस्त मिळतं, या समाधानात राहीआजीची तीस वर्षं गेली. आहे की नाही गंमत?

त्या उन्हाळ्यात तिची मडकी थोडीच घडून झाली. तेवढ्याच्या मोबदल्यात लाकूड कमी मिळालं, आणि अर्धा आवा कच्चा राहिला. मडक्यात पाणी ओतलं की तळाशी चिखल! घरात दाणा नव्हता, पावसाळा तोंडावर आलेला. आणखी एक आवा कच्चा निघाला तर चाक कायमचं बंद.

ती विहिरीवर गेली, रिकामी घागर खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "परवा माझा आवा पेटायचाय. लाकूड पुरत नाही."

"अगं आजी, हळू बोल! नजर लागेल!"

"लागू दे मेली! रिकाम्या घराला नजर लागून लागून काय लागणार? दहातली सहा मडकी तो नेतो. म्हणतो, तुला म्हणून सहा, बाकीच्यांना सात."

शेजारचा कुंभार खाली बघत म्हणाला, "मलाही तो हेच म्हणतो."

"मलाही," दुसरी म्हणाली. मग तिसरा, मग चौथी.

राहीआजी मटकन खाली बसली. तिला राग आला नाही, राग यायलाही अंगात बळ लागतं. "तीस वर्षं," ती एवढंच म्हणाली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी अख्खा कुंभारवाडा लाकूडवाल्याच्या दारात उभा राहिला. शेजारचा कुंभार म्हणाला, "वर्षाचं लाकूड सगळे मिळून एकदम घेऊ. दहात तीन मडकी देऊ. नको असेल तर राहू दे."

लाकूडवाल्यानं ढिगाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. पाऊस आला की ढीग कुजणार, आणि दुसरं गिऱ्हाईक कुठलं? तरी खोड जाईना. त्यानं राहीआजीला बाजूला घेतलं आणि कानात कुजबुजला, "आजी, तुला म्हणून दोन. कुणाला बोलू नकोस."

राहीआजी वळली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "ऐकलंत का गं! ऐकलंत का रे! हा दहात दोन म्हणतोय!"

मग काय, सगळ्यांनाच दोन.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, राहीआजीनं भर दिवसा, दार उघडं टाकून आवा पेटवला. सगळे बघायला आले. एकही मडकं तडकलं नाही. गेलेली तीस वर्षं मात्र कुणी परत आणून दिली नाहीत.

तात्पर्य: शेजाऱ्यापासून लपवून घेतलेला माल नेहमी महागच पडतो, चौघांनी मिळून भाव केला तरच तो उतरतो.