कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं कुंकू

बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी वृषालीच्या दारावर नवा कॅमेरा बसला. तिची दीड वर्षांची लेक गार्गी अंगणातल्या हौदाकडे गेली, की त्याने मोबाईलवर घंटी वाजवायची, एवढंच त्याचं काम. नवी वस्तू म्हणून वृषालीने हळदकुंकू लावलं, ते नेमकं भिंगावरच. कॅमेऱ्याला सगळीकडे लालच लाल दिसू लागलं.

भिंतीवरची पाल म्हणाली, "अरे बाबा, डोळ्यात कुंकू गेलंय तुझ्या. पुसू का?"

"मानाचं आहे ते!" कॅमेरा फणकारला. "आणि पुसणारी तू कोण? माशा खाणारी!"

तेवढ्यात गार्गीच्या पायातले वाळे हौदाच्या बाजूला छुमछुमले.

"पालबाई, मला काही दिसत नाही गं! पूस लवकर!"

पालीने भिंग चाटून लख्ख केलं. गार्गी हौदाच्या काठावर चढत होती! घंटी वाजली, तशी वृषाली कणकेच्या हातांनीच धावली आणि तिने लेकीला उचलून छातीशी धरलं.

कॅमेऱ्याला भरून आलं. "बाई, तुझे उपकार कसे फेडू?"

"फेडू नकोस," पाल म्हणाली. "आळीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांना एवढं कळव, दिसेनासं झालं तर लाजू नका, शेजाऱ्याला हाक मारा."