लाल खांदा

"मग आता रुग्णाच्या खांद्याला हात कशाला लावायचा, सर?"

शार्दूल खांडकेने हे हसत विचारलं. तो सोनोग्राफीचा डॉक्टर. समोर आरामखुर्चीत बसलेले मोमीन सर त्याचे गुरू. मिरजेत सरांचं उभं आयुष्य लोकांची हाडं आणि सांधे बघण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर ते घराच्या ओसरीवर जुन्या रुग्णांकडून व्यायाम करून घेत.

त्या दुपारीही ओसरीच्या टोकाला एक बाई तुळईला टांगलेल्या कप्पीवरची दोरी ओढत बसली होती. उजव्या हाताने दोरी ओढली की डावा हात वर जायचा. थोडासाच.

शार्दूल तिच्याच बाजूने आत आला होता. त्याला वाट मिळावी म्हणून तिने पाय आखडून घेतले होते.

शार्दूलने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला.

"नेहमीच्या सोनोग्राफीत नुसता आकार दिसतो, सर. यात ताठरपणा दिसतो. ध्वनीच्या लहरींनी आतला भाग हलवायचा आणि ती थरथर किती वेगाने पुढे सरकते ते मोजायचं. मऊ असेल ते निळं. ताठरलेलं असेल ते लाल."

पडद्यावर खांद्यातला एक बंध लालभडक दिसत होता.

"फ्रोझन शोल्डर," सर म्हणाले.

"आणि तोही अगदी सुरुवातीचा. एक्स-रे स्वच्छ. हातसुद्धा बराचसा वर जात होता. तुमच्यासारख्यांनीही कदाचित..."

"बोल."

"कदाचित काही नाही म्हणून परत पाठवलं असतं."

"शक्य आहे." सर वाकून चित्र बघत राहिले. "यंत्र चांगलं आहे. मला माझ्या काळात मिळायला हवं होतं."

शार्दूलचा चेहरा खुलला. याच चित्रावर त्याला परिषदेत पारितोषिक मिळालं होतं. तेच सांगायला तो आला होता.

"पुढे काय झालं?" सरांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी परदेशातून बोलावणं आहे."

"या खांद्याचं विचारतोय."

"तो अभ्यास निदानाचा होता, सर. उपचाराचा नव्हता."

"पण ज्याचा खांदा, त्याला सांगितलंस?"

"अभ्यास संपेपर्यंत कुणालाच काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. निकालावर परिणाम नको म्हणून."

"आणि संपल्यावर?"

कप्पी करकरत होती...

"राहून गेलं."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चित्राच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती. तिथे बोट ठेवून ते एकेक अक्षर लावू लागले.

"ते रुग्णाचं नाव असतं, सर. छापताना आम्ही तेवढा कोपरा काढून टाकतो."

"शालन... गुरव," सरांनी वाचलं.

कप्पी थांबली.

"काय सर? हाक मारली?" ओसरीच्या टोकाकडून ती बाई म्हणाली.

शार्दूलने वळून पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"शालनताई, यांना तुमच्या हाताचं सांगा," सर म्हणाले.

तिने दोरी सोडली आणि डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"मी एसटीत कंडक्टर होते. हात दुखायला लागला. रात्री त्या कुशीवर वळता येईना. मग गाडीतला वरचा दांडा धरता येईना. डेपोत म्हणाले, ड्यूटी टाळायची सोंगं आहेत. मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं खांद्याला गार जेल लावून बघितलं. कुणी काही बोललं नाही. बोलले नाहीत म्हणजे काही नसणार, असं आम्ही धरून चाललो. एक्स-रेपण चांगलाच होता."

"मग?" शार्दूलने विचारलं.

"मग घरचे म्हणाले, शीर आखडली असेल. हाडवैद्याकडं नेलं. त्यानं गुडघा पाठीला लावला आणि हात वर ओढला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला. दुखलं नंतर."

ती हे सगळं पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तशा आवाजात सांगत होती.

"आता चौकशीच्या खिडकीत बसवतात. माझी वेणी शेजारीण घालते."

सर स्वतःच्या पायांकडे बघत होते.

शार्दूल उठला. तिच्यापाशी गेला आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर खाली बसला.

"बाई, त्या दवाखान्यात तुमचा खांदा बघणारा डॉक्टर... तो मी. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं असतं तर गोळ्या, इंजेक्शन, व्यायाम... हाडवैद्याकडे जायची वेळच आली नसती."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ओळखीचं काही सापडतंय का, ते शोधत राहिली.

"तुम्ही होता तिथं?"

"हो."

"अंधार होता त्या खोलीत. मागून खांद्यावर काहीतरी गार फिरत होतं. मी विचारलंसुद्धा, काही दिसतंय का म्हणून. उत्तर आलं नाही..." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला वाटलं, तिथं नुसतं मशीनच आहे."

शार्दूलने मान वर करून गुरूंकडे पाहिलं. ते काही बोलतील, सावरून घेतील, निदान रागावतील तरी.

सरांनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या हातात दिला.

"ताईंनी केलेलं निदान बरोबर आहे."